जुनी गाडी एका बाजूला ओढते? शॉकअप बदलण्याआधी हे तपासा

मारुती 800 चं उत्पादन 2014 मध्येच थांबलं, पण गावाकडच्या रस्त्यांवर ती अजून धावते. अशा जुन्या गाडीची चाल बिघडली की पहिला खर्च शॉकअपवर होतो. दोष मात्र बरेचदा टायरमध्ये निघतो.

सकाळी गाडी काढण्याआधी चारही टायरची हवा मोजावी. तरी गाडी ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहावेत. ओढ दुसऱ्या बाजूला गेली, की समजावं टायरच खराब. ब्रेक दाबल्यावरच ओढते? मग ब्रेक तपासावा. ठराविक वेगालाच स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा बॅलन्सिंग गेलंय.

शॉकअपसाठी बॉनेटच्या कोपऱ्यावर वजन टाकून सोडावं. गाडी वर येऊन थांबली तर ठीक. डुलत राहिली, किंवा शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं, तर तो गेला. बदलायचा तर जोडीनेच.

खड्ड्यात ‘खट्’ आवाज येत असेल तर चालढकल नको. मागच्या चाकांना दगड लावून पुढचं चाक जॅकवर उचलावं. वर-खाली हलवताना ढिलं लागलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवं हलवताना लागलं तर टाय रॉड एंड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली मात्र शिरू नये. बॉल जॉइंट निसटला की चाक आडवं होतं, स्टिअरिंग धरून काही उपयोग नसतो. अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवू नये, मेकॅनिकलाच बोलवावं.

अलाइनमेंट हे भाग बदलल्यावरच करावी. आधी केलेली फुकट जाते.