पहिल्या बाळाआधीची तांबी: सिल्लोड परिसराचा एक दुर्लक्षित इतिहास

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यातील सिल्लोडचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असल्यामुळे, मुलीच्या लग्नाला किमान 14 वर्षांची अट घालणारा 1929 चा शारदा कायदा, जो ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच होता, येथे लागू झाला नाही; आणि र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत काढलेले संततिनियमन केंद्र इथल्या सुनेच्या आवाक्यात असण्याचा प्रश्नच नव्हता.

दीर्घकालीन साधने, म्हणजे एकदा बसवली की काही वर्षे रोजची आठवण ठेवावी न लागणारी गर्भनिरोधके, सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात आली ती 1965 च्या ‘लूप’पासून, आणि पुढे तांबीच्या रूपाने. ‘टी’ आकाराच्या प्लास्टिकच्या दांडीवर तांब्याची तार गुंडाळलेली असते, ती गर्भाशयात बसवली की तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात, आजची ‘380 ए’ जातीची तांबी 10 वर्षे टिकते आणि काढल्यावर पुन्हा दिवस राहू शकतात. मात्र कार्यक्रमाची नजर दोन-तीन लेकरांच्या आईवर आणि तिच्या ‘ऑपरेशन’वर खिळलेली राहिली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील विवाहित स्त्रियांत नसबंदीचे प्रमाण 37.9 टक्के, तर तांबीचे अवघे 2.1 टक्के आढळले.

त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयोगटातील 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. अशा मुलीने वर्षाच्या आत पाळणा हलवावा ही सासरची अपेक्षा असते, आणि मूल होण्याआधी तांबी बसवली तर वांझपण येते, ती ‘वर चढते’, असे धाक घातले जातात. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेचे निकष विशीच्या आतल्या आणि मूल न झालेल्या स्त्रीलाही ती सामान्यतः चालते असेच सांगतात. अडचण साधनापेक्षा निर्णयाच्या मालकीत आहे.

हे ओळखले ते याच जिल्ह्याच्या पैठण तालुक्यातील पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने. डॉ. अशोक दयालचंद यांच्या या संस्थेने 1990 च्या दशकाच्या अखेरीस अविवाहित मुलींसाठी गावातल्याच बायकांकडून वर्षभर संध्याकाळचे जीवनकौशल्य वर्ग चालवले, आणि त्या गावांत लग्नाचे मध्यक वय, म्हणजे निम्म्या मुलींची लग्ने ज्या वयापर्यंत होतात ते, 16 वरून 17 वर गेले. विवाहित किशोरींसाठी नंतर घरभेटींचा मार्ग धरला गेला; सासू आणि नवऱ्याला टाळून त्या पार पडणे शक्यच नव्हते.

अविवाहित मुलीची कोंडी वेगळी आहे. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्याने अठराखालील लैंगिक संबंधाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक केले. हेतू रास्त, पण त्यामुळे सोळा वर्षांची मुलगी सरकारी दवाखान्याची पायरी चढायला कचरते, आणि किशोरवयीनांसाठी उघडलेल्या ‘मैत्री क्लिनिक’लाही त्या कायद्यातून सूट नाही.