फितीचा दोष आणि तंबोऱ्याची जवारी

आज कोणत्याही लहानमोठ्या ध्वनिमुद्रणगृहात गेले, तर गाणे फितीवर उतरवून घेणारी यंत्रे बहुधा दिसत नाहीत. गायकाचा आवाज थेट संगणकात जातो आणि तेथे तो इतका स्वच्छ उतरतो की पूर्वीच्या ध्वनिमुद्रकाला त्याचा हेवाच वाटला असता. परंतु हा स्वच्छ आवाज हाती आल्यावर तंत्रज्ञ त्याचे काय करतो? तो एक लहानशी आज्ञावली त्यावर चालवितो. या जोडआज्ञावलीस प्लगइन म्हणतात, आणि तिच्या एका प्रकाराचे काम एवढेच की, जुन्या चुंबकीय फितीवर जोराचा आवाज मुद्रित करताना त्यात जो बिघाड होत असे, तो या निर्दोष आवाजात हिशेबाने मिसळावयाचा. या बिघाडाला 'टेप सॅच्युरेशन', म्हणजे फितीची संपृक्तता, असे नाव आहे. ज्या दोषाच्या निर्मूलनासाठी अभियंत्यांच्या दोन पिढ्या झटल्या, तोच आज मोल देऊन विकत घेतला जातो. हे कसे घडले, याची हकीकत मनोरंजक तर आहेच. शिवाय जुने जपून ठेवू पाहणाऱ्या प्रत्येकाने विचार करावा असा एक प्रश्नही तिच्यात दडलेला आहे.

चुंबकाच्या साहाय्याने आवाज साठविता येईल ही कल्पना ऑबर्लिन स्मिथ या अमेरिकन अभियंत्याने १८८८ साली प्रसिद्ध केली. ती प्रत्यक्षात आणली डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पोल्सेन याने, १८९८ मध्ये. त्याचे यंत्र पोलादी तारेवर आवाज उतरवीत असे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ याचा आवाज मुद्रित केला आणि तो आजही ऐकावयास मिळतो. मात्र तार सांभाळण्यास अवघड होती आणि त्यातून निघणारा आवाज क्षीण होता. पुढचे पाऊल टाकले ते फ्रिट्झ फ्लॉयमर या गृहस्थाने. सिगारेटच्या टोकावर सोनेरी दिसणारा धातूचा पट्टा चढविण्याची युक्ती त्याने काढली होती. कागदावर जर धातूचा थर देता येतो, तर लोखंडाची पूड का चिकटविता येऊ नये, असा त्याने विचार केला व १९२८ मध्ये अशा फितीचे एकस्व घेतले. पुढे ए.ई.जी. कंपनीने यंत्र सिद्ध केले, लुडविग्सहाफेन येथील बी.ए.एस.एफ. च्या कारखान्याने फीत तयार केली, आणि १९३५ च्या बर्लिन येथील रेडिओ-प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' लोकांसमोर आला.

१९३६ च्या नोव्हेंबरात लुडविग्सहाफेन येथेच सर टॉमस बीचम यांच्या नेतृत्वाखाली लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचा कार्यक्रम या यंत्रावर मुद्रित करण्यात आला. कल्पना नवी, वाद्यवृंद उत्तम. पण फितीवर उतरलेला आवाज खरखरीत व किंचित वेडावाकडा होता. याचे कारण समजून घेतल्याखेरीज पुढील कथा कळावयाची नाही.

फितीवर लोहसंयुगाचे असंख्य सूक्ष्म कण असतात. आवाजाचे विद्युत्प्रवाहात रूपांतर होते, तो प्रवाह विद्युच्चुंबकातून जातो, आणि समोरून सरकणाऱ्या फितीवरील कणांचे चुंबकत्व त्यानुसार वळते. परंतु हे कण मोठे हट्टी असतात. आवाज अगदी मंद असेल तर ते जागचे हलत नाहीत. मध्यम असेल तर प्रमाणशीर वळतात. आणि आवाज फार मोठा झाला, की जवळजवळ सर्वच कण एका दिशेस वळून बसतात; मग प्रवाह कितीही वाढविला तरी आणखी वळावयास कोणी उरत नाही. हीच संपृक्तता होय. येथे स्वरलहरीचा माथा एकाएकी छाटला जात नाही, तो हळूहळू दबत जातो. मोठा आवाज थोडा लहान होतो, आघाताची धार बोथट होते, आणि मूळ स्वरात नसलेले काही स्वर त्यात उमटतात.

मंद आवाजाच्या बाजूचा दोष आधी सुटला. १९४० साली जर्मन नभोवाणीतील वाल्टर वेबर यास असे आढळले की, एका सदोष परिवर्धकातून कानाला ऐकू न येणारा अत्युच्च कंपनांचा प्रवाह फितीकडे जात असता मुद्रण आश्चर्यकारक स्वच्छ होते. अडकलेला खण नुसता ओढल्याने निघत नाही, पण किंचित हलवीत ओढला की सुटतो. तसाच हा प्रकार होता. अशी युक्ती अमेरिकेत १९२० च्या दशकातच नोंदविली गेली होती. पण तिचे संगीताच्या दृष्टीने मोल वेबरच्या शोधानंतर कळले.

युद्ध संपले तेव्हा जॅक मलिन हा अमेरिकन सैन्यातील अभियंता जर्मनीत होता. इंग्लंडमध्ये असताना मध्यरात्रीनंतर जर्मन केंद्रावरून लागणारे वाद्यवृंदाचे संगीत त्याने ऐकले होते. अशा अवेळी एवढा वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवीत बसला असेल यावर त्याचा विश्वास बसेना. बाट नाउहाइम येथे त्याला कोड्याचे उत्तर मिळाले. दोन मॅग्नेटोफोन सुटे करून आणि फितीची पन्नास रिळे घेऊन तो मायदेशी परतला व १९४६ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्को येथे त्याने त्यांचे प्रात्यक्षिक केले. प्रख्यात गायक बिंग क्रॉस्बी यास दर आठवड्यास नभोवाणीवर प्रत्यक्ष गाण्याचा कंटाळा होता. १९४७ च्या ऑक्टोबरपासून त्याचे कार्यक्रम फितीवरून प्रसारित होऊ लागले, आणि त्याच्याच पैशाच्या आधाराने अँपेक्स या लहान कंपनीची यंत्रे १९४८ मध्ये बाजारात आली. तेथून पुढची तीन दशके संगीताच्या मुद्रणावर फितीचेच राज्य होते.

या तीन दशकांत अभियंत्यांना दोन शत्रूंच्या मधून वाट काढावी लागे. आवाज हळू मुद्रित केला, तर तो फितीच्या अखंड सरसरीत बुडतो. मोठा केला, तर संपृक्ततेने बिघडतो. स्वरात ३ टक्के भेसळ होईपर्यंतची पातळी ही फितीची मर्यादा, असा दंडकच पडला होता. फितीचा थर सुधारला, वेग वाढविला, फीत रुंद केली. सर्व खटाटोप या दोन शत्रूंमधील अंतर वाढविण्यासाठी होता. यांपैकी सरसरीवरचा प्रभावी उपाय रे डॉल्बी यांनी काढला. हे अँपेक्स कंपनीत काम केलेले अमेरिकन शास्त्रज्ञ १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात होते आणि चंडीगड येथील केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेशी त्यांचा संबंध होता. येथून ते लंडनला गेले आणि १९६५ मध्येच त्यांनी आपली प्रयोगशाळा स्थापिली. कामानिमित्त दूर प्रांती राहणाऱ्या वाचकांस, अशाच एका परप्रांतस्थ सल्लागाराची ही हकीकत जवळची वाटेल.

इकडे अभियंते दोषाशी झुंजत असता, तिकडे वादक व ध्वनिमुद्रक त्याच दोषाशी सलगी करू लागले होते. लंडनच्या ॲबी रोड येथील मुद्रणगृहात १९६५ पासून स्टुडर कंपनीचे चार पट्ट्यांचे 'जे ३७' हे यंत्र वापरात आले. बीटल्स मंडळींच्या १९६७ च्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेचे काम त्यावरच झाले. चार पट्टे भरले की त्यांचे मिश्रण दुसऱ्या यंत्रावर उतरवावयाचे, म्हणजे आणखी पट्टे मोकळे होत. आणि अशा प्रत्येक प्रवासात आवाजावर फितीचा एकेक हात फिरत असे. ढोलांचा आघात मुद्दाम मर्यादेपेक्षा जोराने मुद्रित केला तर तो दबून भरीव होतो, हे कानांच्या ध्यानी येऊ लागले.

कानाला हे का आवडावे? संपृक्त फितीतून उमटणारे भेसळीचे स्वर मुख्यतः मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट व पाचपट असतात. आमच्या भाषेत सांगावयाचे तर मध्य सप्तकातील षड्ज फितीवर जोराने उतरविला असता, त्याच्यामागे तार सप्तकातील पंचम आणि त्याहून वरच्या सप्तकातील गांधार उमटतो. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गांधार ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना ही भेसळ परकी वाटण्याचे कारण नाही.

मग अंकीय ध्वनिमुद्रण आले. १९८२ मध्ये काँपॅक्ट डिस्क बाजारात आली आणि १९९० च्या दशकात संगणकावरच संपूर्ण ध्वनिमुद्रण होऊ लागले. सरसर गेली, भेसळ गेली. ज्याची इतकी वर्षे प्रार्थना केली ते पदरात पडले, आणि त्याबरोबर तक्रारही सुरू झाली की हा आवाज कोरडा व टोकदार आहे. २००५ च्या जानेवारीत अलाबामा राज्यातील ओपेलायका येथील क्वांटेजी या कंपनीने, म्हणजे अँपेक्सच्या फितीच्या व्यवसायाच्या वारसदाराने, एकाएकी आपला कारखाना बंद केला. तो पुढे काही काळ पुन्हा चालला, पण उरलीसुरली फीत साठवून ठेवण्यासाठी मुद्रणगृहांची जी धावपळ झाली, तिने एका युगाचा अंत सर्वांना दाखविला.

फीत दुर्मिळ होत गेली तशी तिची छाया संगणकात अवतरू लागली. १९९६ मध्ये हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने संगीताच्या आज्ञावलीस इतरांच्या आज्ञावल्या जोडण्याची पद्धत खुली केली होती. २०१० मध्ये 'स्टुडर ए ८००' या चोवीस पट्ट्यांच्या यंत्राची, आणि २०१३ मध्ये 'जे ३७' ची प्लगइनरूपी प्रतिकृती विक्रीस आली. २०१९ साली तर सोनीच्या एका जुन्या घरगुती यंत्राचे चुंबकीय वर्तन समीकरणांनी मांडणारी आज्ञावली शोधनिबंधासह सर्वांस मोफत उपलब्ध झाली. या आज्ञावल्यांत फितीचा वेग निवडता येतो, फितीची जात निवडता येते, आणि हवी असल्यास डॉल्बी यांनी घालविलेली ती सरसरही पुन्हा आणता येते!

यात हसण्यासारखे काही असले तरी तिरस्कार करण्यासारखे काही नाही. मात्र प्रतिकृतीत फितीचे सर्वच गुण येत नाहीत. चोवीस पट्ट्यांच्या यंत्रावर २,५०० फुटांचे रीळ सेकंदास ३० इंच या वेगाने साधारण १६ मिनिटे ४० सेकंदांत संपते. नवे मुद्रण करावयाचे तर जुने पुसावे लागे. म्हणून गायक तयारीनेच उभा राही आणि ध्वनिमुद्रक निर्णय घेई तो कायमचा. दोषाची नक्कल विकत मिळते. त्या मर्यादेने लावलेली शिस्त मिळत नाही.

याहून गंभीर गोष्ट आमच्या स्वतःच्या ठेव्याविषयीची आहे. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या कित्येक घरांत नाट्यगीतांच्या आणि मैफलींच्या कॅसेटी बदलीगणिक ट्रंकेतून गावोगाव फिरल्या. त्या बहुधा प्रतींच्या प्रती असत. त्यांतील सरसर, दबलेला तार षड्ज, घुमणारा डग्गा, हे सर्व मिळूनच आम्ही त्या गायकाचा आवाज मानले. आता या फिती संगणकात उतरवून घेताना दोन मोह होतात. एक, सर्व खरखर पुसून आवाज नवा करावा; दुसरा, जुनेपणाचा रंग आणखी गडद करावा. दोन्ही मोह मूळ प्रतीपासून दूर ठेवले पाहिजेत. दबलेला स्वर पुन्हा जसाच्या तसा उलगडता येत नाही, आणि वरून चढविलेला रंग पुढील अभ्यासकास वेगळा काढता येत नाही. कचेरीत मूळ कागदावर कोणी खाडाखोड करीत नाही. शेरा मारावयाचा तो प्रतीवर. हाच नियम येथे लागू आहे. फीत जशी वाजते तशी एकदा उतरवून जतन करावी; मग दुसऱ्या प्रतीवर प्लगइनचा हवा तो प्रयोग करावा.

दोषाला गुण करण्याची ही कला आम्हांस नवी नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासूनघासून असा करतात की तार त्यावर हलकेच घासत राहावी. तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली, की निर्मळ पण मुक्या स्वराला तेज चढते. शुद्ध कंपनाच्या दृष्टीने पाहिले तर जवारी हा अडथळाच होय. परंतु धागा केसभर सरकला तर तार कर्कश वाजते किंवा बद्द होते. कोठे थांबावे हे कान सांगतो, आणि तो कान तयार होण्यास वर्षे लागतात. नव्या आज्ञावलीचे बटण फिरविणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले, तर फितीच्या अभियंत्यांचे श्रमही वाया गेले असे होणार नाही.