सात आणे पीक

पावसाळा सरत आला की बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर असो की घाटाखाली, एकच चौकशी सुरू होते: "यंदा आणेवारी किती लागली?" सरकारी कागदावर शब्द 'पैसेवारी' असतो. पारावर मात्र अजून आणेच चालतात.

शब्दाचं कूळ साधं आहे. रुपयाचे आणे सोळा, म्हणून पुरं पीक सोळा आणे आणि निम्मं आलं तर आठ आणे. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याची तहकुबी यावरच ठरे. पीक चार आण्यांच्या आत असेल तर पूर्ण सारा तहकूब, चार ते सहा आणे असेल तर निम्मा. 1918 चा खेडा सत्याग्रह पेटला तो याच चार आण्यांवरून. शेतकरी म्हणत पीक त्याच्या आत, सरकार म्हणे वर.

बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात, मुंबईबाहेर. 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा मुंबई राज्यात आला आणि पाचच महिन्यांनी, 1 एप्रिल 1957 ला, दशमान नाणी आली. आणा सव्वासहा पैशांचा ठरला. आणेवारीची पैसेवारी झाली.

यात शेतकऱ्याचं काय बदललं? समजा, तीन गावांचं पीक पाच, सात आणि नऊ आणे. सरासरी सात आणे, कडेची गावं तिच्यापासून दोन-दोन आणे लांब. आता प्रत्येकाला सव्वासहाने गुणा: सव्वाएकतीस, पावणेचव्वेचाळीस, सव्वाछप्पन्न पैसे. सरासरी सव्वासहापट झाली, गावागावांतलं अंतरही तेवढंच ताणलं गेलं. (संख्याशास्त्रातलं प्रचरण अंतराच्या वर्गावर चालतं, म्हणून ते 39 पटींहून जास्त फुगतं, पीक तेवढंच.) टंचाई ठरवणारी आठ आण्यांची रेघही गुणली जाऊन 50 पैशांवर गेली. म्हणून रेघेखालचं एकही गाव वर आलं नाही. फक्त नजरेने बांधलेल्या अंदाजाला 'पावणेचव्वेचाळीस' असा अचूकपणाचा डौल तेवढा आला.

बेरजेची तऱ्हा निराळी. त्याच तीन गावांत कुणी दहा-दहा पैसे वाढवले, तर आकडे होतात सव्वाएक्केचाळीस, पावणेचोपन्न, सव्वासहासष्ट. सरासरी दहाने चढली, पण गावांतलं अंतर तसूभरही हललं नाही. त्यामुळे नुसता विस्तार पाहणाऱ्याला काही वावगं दिसणार नाही. रेघ मात्र 50 वरच राहिली आणि मधलं गाव टंचाईच्या यादीतून बाहेर पडलं. माझ्या मते आणेवारीची खरी भांडणं गुणाकाराची नव्हेत, बेरजेची आहेत.

आज पिकाचं प्रत्यक्ष उत्पन्न भागिले प्रमाण उत्पन्न, गुणिले शंभर, असं गणित मांडतात. नजर, सुधारित, अंतिम असे पैसेवारीचे तीन टप्पे. 2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतली ओल आणि उपग्रहाची चित्रं पुढे आणली, तरी पैसेवारी जाहीर होतेच.

चार आण्यांचं, म्हणजे 25 पैशांचं नाणं 30 जून 2011 ला चलनातून गेलं. आठ आण्यांचं अजून कायदेशीर आहे.