टर्बोची शिट्टी : इंजिन ऐकण्याचा इतिहास

मघाशी दारातच एकांनी विचारलं, "इतिहासाच्या व्याख्यानात गाडीचा आवाज कुठून आला?" प्रश्न रास्त आहे. पण बघा, इतिहासकार कागदावरून घटनेपर्यंत जातो आणि मेकॅनिक आवाजावरून बिघाडापर्यंत. दोघांपुढे प्रश्न एकच असतो: हा साक्षीदार खरं बोलतोय का? आणि मधे कुणी त्याच्यात फेरफार केलाय का?

सुरुवात एका घरच्या गोष्टीने करतो. माझ्या भाच्याने एक टर्बो पेट्रोल गाडी सेकंडहँड घेतली. मूळ फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर बसवला, वर बाहेर हवा सोडणारा व्हॉल्व्ह लावला. गाडी झोकात शिट्ट्या मारायला लागली. तीन महिन्यांनी पिकअप गेला आणि जोर दिला की "फुस्स" असा आवाज येऊ लागला. एका गॅरेजने बोनेट उघडून सांगितलं, "टर्बो गेला, बदला." खर्च किती? पोराचे तीन पगार. त्या गाडीकडे आपण शेवटी परत येऊ.

टर्बोची कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. इंजिनातून वाया जाणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन पाइक्स पीक या सुमारे १४,००० फुटांच्या शिखरावर नेलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वरच्या विरळ हवेत २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर ते ३५६ वर गेलं.

मोटारीत टर्बो आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेतच. ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर. जेटफायरची गोष्ट आपल्या विषयाला फार जवळची आहे. दाबलेल्या हवेमुळे इंधन अवेळी पेटतं आणि इंजिनातून ठोके ऐकू येतात. आपल्याकडे म्हणतात ना, "गाडी नॉकिंग करतेय". ते टाळायला त्या गाडीत पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारलं जायचं, त्यासाठी वेगळी टाकी होती. लोक ती टाकी भरायलाच विसरायचे! पुढे कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची सोय केली. म्हणजे यंत्र चांगलं होतं, पण सगळी भिस्त मालकाच्या लक्ष देण्यावर होती.

यावरचं उत्तर स्वीडनमधून आलं. पेर गिलब्रांड यांच्या पुढाकाराने साबने १९७७ मध्ये ९९ टर्बो ही गाडी दाखवली, रोज ऑफिसला नेता येईल अशी. त्याच वर्षी रेनोने फॉर्म्युला वनमध्ये टर्बो गाडी उतरवली. ती वारंवार धूर सोडत बंद पडायची, म्हणून तिला "पिवळी किटली" म्हणायचे. (हशा) पण १९७९ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँला त्याच कंपनीच्या टर्बो गाडीने शर्यत जिंकली, आणि १९८९ मध्ये टर्बोवर बंदीच आली. मला मात्र साबचं पुढचं पाऊल जास्त महत्त्वाचं वाटतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी इंजिनाला चक्क कान दिला. इंजिनावर बसवलेला सेन्सर ठोका ओळखायचा आणि टर्बोचा दाब आपोआप कमी व्हायचा. माणसाने ऐकायची गोष्ट आता यंत्र स्वतःच ऐकू लागलं.

मग आपण का ऐकायचं? कारण तो सेन्सर फक्त ठोके ऐकतो. फाटलेला होज पाइप त्याला ऐकू येत नाही.

आता आवाजांकडे येऊ. चालत्या गाडीत पाय उचलला की थ्रॉटल बंद होतो, पण टर्बो मिनिटाला लाखभर फेरे घेत असतो. कोंडलेली हवा उलटी फिरून पात्यांवर आदळते आणि "सुतुतुतु" असा फडफडाट होतो. तो टाळायला कंपनी एक व्हॉल्व्ह देते, जो ही हवा गुपचूप फिल्टरनंतरच्या पाइपात परत सोडतो. हौशी मंडळी तिथे हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह लावतात, "प्श्श" आवाजासाठी. पण ज्या गाडीत आत येणारी हवा सेन्सर आधीच मोजतो, तिथे ही मोजलेली हवा निघून जाते. इंधन मात्र हिशेबाप्रमाणे पडतं. गाडी क्षणभर गचके खाते, कधी काळा धूर सोडते. हा बिघाड नाही, फेरफाराचा परिणाम आहे.

गळतीचं तसं नाही. शिट्टी गाडी जागेवर उभी असताना येते का? मग गळती बहुधा थ्रॉटलच्या पुढे आहे, तिथे तेव्हा हवा आत ओढली जात असते. "फुस्स" फक्त जोर दिल्यावर येतं का? मग टर्बोनंतरच्या दाबाच्या पाइपात शोधा. आणि वेगाबरोबर चढत जाणारा, भोंग्यासारखा, धातू घासल्यासारखा आवाज असेल तर मात्र गाडी बंद करा; पातं कवचाला घासत असू शकतं. थंड इंजिनावर दांडा बोटाने हलवून बघतात. बाजूला किंचित हलला तर चालतं, कारण तो तेलाच्या थरावर फिरतो. पुढेमागे जाणवण्याइतका हलला तर काळजी.

गंमत अशी की आता कंपन्याही साक्षीदाराला पढवतात. २०११च्या सुमारास आलेल्या बीएमडब्ल्यू एम ५ मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून केबिनमध्ये सोडलेला होता. त्यामुळे आतून ऐकलेल्यावर विसंबू नका, बोनेट उघडून बाहेरून ऐका.

तर भाच्याची गाडी. दुसऱ्या एका वयस्कर मेकॅनिकने आधी विचारलं, "काय काय बदललंय ते सांग." मग टर्बोचं तोंड बंद करून पाइपात कमी दाबाची हवा सोडली आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं. एका क्लिपखाली बुडबुडे आले. नवा पाइप बसवताना जुना तिथे घासून चिरला होता. दांड्याला प्ले नव्हताच. एक पाइप, एक क्लिप, गाडी चालू.

पहिल्या गॅरेजने आवाज ऐकला होता, खोटं नाही. पण गाडीत काय बदललंय हे विचारलं नव्हतं. आपणही जुनी कागदपत्रं वाचताना नेमकी हीच चूक करतो. साक्ष ऐकण्याआधी साक्षीदाराचा इतिहास विचारायचा असतो.

आता प्रश्न घेऊया.