रायलंड्स पपायरस (पी ५२)

योहानकृत शुभवर्तमानाच्या ग्रीक हस्तलिखिताचा इजिप्तमधील एक तुकडा. सुमारे ८.९ × ६ सेंमी. आकाराचा हा पपायरस मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात ‘ग्रीक पपायरस ४५७’ म्हणून जतन केला आहे. त्याच्या एका बाजूस अध्याय १८ मधील ३१–३३ आणि दुसऱ्या बाजूस ३७–३८ या वचनांचे अंश आहेत. प्रसंग रोमन सुभेदार पिलाताने केलेल्या येशूच्या चौकशीचा. बर्नार्ड ग्रेनफेल यांनी १९२० मध्ये तो इजिप्तमध्ये मिळवला आणि कॉलिन रॉबर्ट्स यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केला.

नव्या कराराचे सर्वांत जुने हस्तलिखित, इ. स. १२५ चे, अशी या तुकड्याची ख्याती आहे. पण हे नेमके वर्ष पुराव्याला पेलत नाही. तुकड्यावर तारीख नाही. रॉबर्ट्स यांनी अक्षरांचे वळण इतर पपायरसांशी ताडून दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध सुचवला. त्यांनी तुलनेस घेतलेल्या एगर्टन पपायरस या दुसऱ्या ख्रिस्ती हस्तलिखिताचा काळ तेव्हा इ. स. १५० च्या सुमाराचा मानला जाई. पण त्याच हस्तलिखिताचा कोलोनमधील तुकडा १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दोन व्यंजनांमध्ये लोपचिन्ह आढळले, ही उशिराच्या लेखनाची खूण मानली जाते, आणि अनेक अभ्यासकांनी तो काळ इ. स. २०० कडे सरकवला. तुलनेचा आधारच हलल्यावर निष्कर्षही सैल होणे क्रमप्राप्त होते. एकच वळण लेखनिक आयुष्यभर गिरवतो, त्यामुळे अक्षरांवरून काळाचा पट्टा सांगता येतो, साल नव्हे. ब्रेंट नाँगब्री यांनी २००५ मध्ये दाखवले, की दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध किंवा तिसऱ्याचा आरंभही शक्यतेबाहेर नाही. ओर्सिनी व क्लारिस यांनी २०१२ मध्ये १२५–१७५ हा काळ दिला. म्हणजे त्यांच्या हिशेबातही १२५ ही केवळ सर्वांत आधीची सीमा आहे.

यावर आक्षेप असा, की मग शुभवर्तमानाच्या प्राचीनतेचा आधारच जातो. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासक एफ. सी. बाउर यांनी त्याची रचना दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धाइतकी उशिरा मानली होती आणि त्या मताला उत्तर म्हणून हाच तुकडा पुढे केला जातो. परंतु इ. स. १८० च्या सुमारास ख्रिस्ती लेखक आयरेनियस हे शुभवर्तमान चार प्रमाण शुभवर्तमानांपैकी एक म्हणून वापरतो. ग्रंथाला एवढी मान्यता मिळायला काळ जावा लागतो. रचनाकाळाची चर्चा एकट्या पपायरसवर उभी नाही, तिने उभे राहूही नये.

काळ सैल केल्याने तुकड्याचे मोल घटत नाही. मजकूर पानाच्या दोन्ही बाजूंस सलग चालतो, म्हणजे ही गुंडाळी नसून शिवलेल्या पानांचे पुस्तक होते. ग्रीक साहित्य बहुतांशी गुंडाळ्यांवर उतरवले जात असताना ख्रिस्ती समाजाने हा आकार लवकर स्वीकारला, याचा हा थेट पुरावा आहे. म्हणून त्याची नोंद ‘दुसरे शतक, कदाचित तिसऱ्याचा आरंभ’ अशीच व्हावी. श्रद्धेला वा संशयाला सोयीचे साल त्याच्या माथी मारणे म्हणजे या साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालणे होय.