पंचनाम्यातले शब्द

वर्धा जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी वारंवार भेटते. अमुक गावच्या शिवारात नाल्याकाठी धाड, इतके लिटर 'मोहा सडवा' जागेवरच नष्ट, ड्रम आणि चालू भट्टीचे साहित्य जप्त. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून सत्तरच्या दशकापासून इथे दारूबंदी आहे, आणि तेव्हापासून दारूशी जोडलेली जुनी शब्दसंपत्ती इथल्या लिखित मराठीत येते ती बहुतेक पंचनाम्यातूनच. हे शब्द पोलिसांनी घडवलेले नाहीत. ते भट्टीवरून आलेत, आणि भाषेच्या दृष्टीने फार मोलाचे आहेत.

'सडवा' हाच घ्या. मोहफुले आणि गूळ पाण्यात घालून काही दिवस आंबत ठेवतात. त्या फसफसणाऱ्या कच्च्या मालाचे हे नाव. सडणे मराठीत वाईटच, 'सडका' तर शिवी. पण 'सडवणे' म्हटले की त्यात माणसाचा हेतू येतो, किती दिवस, किती ऊन, कधी थांबायचे याची जाण येते. शाळेच्या विज्ञानात याच क्रियेला आपण 'किण्वन' म्हणतो. त्यातले 'किण्व' म्हणजे सुरा बनवताना घालायचे विरजण, कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'तल्या सुराध्यक्षाच्या प्रकरणात त्याची कृती दिलेली आहे. पाठ्यपुस्तकातला सोवळा शब्दही मूळचा भट्टीवरचाच.

मोह या झाडाच्या नावाबद्दल एक समजूत पक्की बसली आहे: भुरळ पाडतो म्हणून मोह. ऐकायला छान, पण खरे नाही. भुरळीचा मोह 'मुह्' धातूचा. झाडाचा मोह 'मधूक'पासून प्राकृत 'महुअ' होत आला. त्याच्या पोटात 'मधु' आहे, म्हणजे आपला मध. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेले फूल उचलून पाहिले की नाव पटते: पांढुरके, मांसल, बोटाला चिकटणारे, वाळले की मनुक्यासारखे तपकिरी. ज्यांनी नाव ठेवले त्यांनी गोडवा पाहिला होता, नशा नंतरची.

पंचनाम्यात गुळाच्या शेजारी नेहमी 'नवसागर' असतो. नव आणि सागर, दोन्ही शुद्ध संस्कृत वाटतात, आणि तेवढ्यासाठीच मला हा शब्द आवडतो. मूळ फारसी 'नौशादर', म्हणजे अमोनियम क्लोराइड. परका आवाज मराठी जिभेने स्वतःच्या ओळखीच्या दोन शब्दांत बसवला आणि एका क्षाराचा समुद्र झाला. 'अर्क'चेही तसेच. संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य, आणि रुईसुद्धा. पण भट्टीतून थेंबथेंब उतरणारा अर्क अरबी 'अरक'चा, ज्याचा अर्थ घाम. भांड्याला घाम फुटतो तसा उतरतो म्हणून. तो थेंबांचा धागा जुळला की धार, आणि सगळ्यांत जहाल ती 'पहिल्या धारेची'. आयुष्यात थेंबाला न शिवलेली माणसेही एखाद्याला 'पहिल्या धारेचा' म्हणतात.

आता खुद्द 'दारू'. फारसीत दारू म्हणजे औषध. 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे, आणि तोफेची पूड झालेली दारू 'दारूगोळ्या'त आहे. उलट, संस्कृतातले 'आसव' आणि 'अरिष्ट' ही कौटिल्याच्या मद्यांच्या यादीतली नावे. आज द्राक्षासव, अशोकारिष्ट, कुमारीआसव वर्ध्याच्या कोणत्याही आयुर्वेदिक दुकानात उघडपणे मिळतात, कारण ती औषधे आहेत. औषधाचा शब्द मद्याकडे गेला, मद्याचे शब्द औषधाकडे आले. मराठीत दोन शब्दकुळांनी अशी जागा बदललेली दुसरी जोडी मला माहीत नाही. दारूबंदीचा कायदा या दोघांच्या मधोमध रेघ ओढतो, आणि शब्द ती रेघ शतकांपूर्वीच ओलांडून बसलेत.

जपानकडे वळतो, कारण तिथे 'गावठी' या अर्थाचा शब्द दारूपुढे मानाचा झाला. बिअरला जपानी शब्द 'बीरू', डच व्यापाऱ्यांच्या 'बीर'वरून आलेला. 1994 पर्यंत बिअर बनवण्याचा परवाना हवा तर वर्षाला किमान 2000 किलोलिटर उत्पादन करावे लागे, म्हणून हा धंदा मोजक्या बड्या कंपन्यांचाच होता. त्या वर्षी ही अट 60 किलोलिटरवर आली आणि गावोगावी लहान भट्ट्या उभ्या राहिल्या. काही तर जुन्या साके घराण्यांच्या. इबाराकीतले किउची घराणे 1823 पासून साके करत आले आहे, 1996 पासून बिअरही करते. या बिअरला नाव पडले 'जी-बीरू'. 'जी' म्हणजे भूमी, त्या मातीतली. तिथल्या बिअर महोत्सवांत लोक छोट्या पेल्यांतून घोटघोट चव घेत एका भट्टीवरून दुसरीवर जातात, आणि प्रत्येक पेल्यामागे एका गावाचे नाव असते.

हाच 'जी' 'जीदोरी'त आहे. जीदोरी म्हणजे तिथली गावठी कोंबडी, आणि ती महाग. इथे आपले 'गावठी' आणि 'देशी' आठवतात. गावठी अंडी जास्त पैसे देऊन घेतो. देशी तूप, देशी वाण, देशी गाय, सगळीकडे 'देशी'चा मान. फक्त दारूपुढे आला की हाच शब्द पडतो. 'सरकारमान्य देशी दारू'च्या पाटीखाली मान घालूनच जायचे, आणि गावठी तर त्याहून खालची. विशेषण तेच, पुढचे नाम बदलले की मोल बदलते. गोव्यात मात्र ते बदललेले नाही. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिच्या नावात साधा 'फेण', म्हणजे फेस आहे.

वर्ध्यात भट्ट्या सुरू व्हाव्यात असे मी म्हणत नाही. दारूबंदीसाठी गावोगावी महिला मंडळांतून बाया रात्री भट्ट्या फोडायला गेल्या, त्यामागे घराघरातला मार आहे. त्यांच्या बाजूने उभे राहूनही शब्द जपता येतात, कारण याच जिल्ह्याने एका शब्दाला नवे घर दिले होते. इथे गावांची नावेच सिंदी आहेत: सिंदी रेल्वे, सिंदी मेघे. 'शिंदी' म्हणजे रानखजुरीचे झाड, आणि त्याच्या रसाची दारूही. 1935 मध्ये गांधींच्या शिष्या मीराबेन वर्ध्याजवळच्या सिंदीत सफाईसाठी जात. त्याच काळात वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांचा ग्रामोद्योग संघ काम करत होता, आणि गजानन नाईकांनी शिंदी-ताडाच्या रसापासून गूळ करायची मोहीम चालवली. झाडाच्या मानेला खाच, खाली चुना लावलेले मडके, उन्हे चढण्याआधी उतरवलेला रस. त्याला 'नीरा' म्हणायचे. संस्कृतात नीर म्हणजे पाणी. शिंदी तीच, रस तोच, सकाळच्या काही तासांचा फरक, आणि त्या फरकासाठी स्वतंत्र शब्द.

वर्ध्याला जपानशी आणि दारूच्या शब्दांशी जोडणारा आणखी एक धागा आहे. गीताई मंदिराजवळचा विश्वशांती स्तूप ज्या जपानी भिक्खू निचिदात्सु फुजींच्या प्रेरणेने उभा राहिला, ते 1933 मध्ये गांधींना भेटायला वर्ध्याला आले होते. पंचशील त्यांचेही, इथल्या बौद्ध वस्त्यांचेही. त्यातल्या पाचव्या शीलात पाली भाषेने मद्यासाठी तीन शब्द एकापुढे एक लावलेत: सुरा, मेरय, मज्ज. सुरा धान्याची, म्हणजे बिअरची जवळची नातेवाईक. मज्ज म्हणजे मद्य. मेरय म्हणजे कौटिल्याचे 'मैरेय'. जपानी मठांत हे शील मोडणाऱ्यांनी साकेला 'हान्न्या-तो' असे टोपणनाव दिले. 'हान्न्या' म्हणजे आपली 'प्रज्ञा', 'तो' म्हणजे गरम पाणी.

मेरयाची कृती कौटिल्याने सांगितली आहे: मेषशृंगी या वनस्पतीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी आणि मिरे. नवसागर आणि मोहफूल सोडले, तर गूळ आणि साल आजच्या धाडीतही सापडते, आणि त्याला म्हणतात सडवा.