अभंगाची अक्षरे, टाळाच्या मात्रा

ओवी मुळात कष्टाची सोबतीण. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात आहे. तिच्याच वळणाचा आपला मोठा अभंग : सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चार अक्षरांचा. लघु-गुरूचा हिशेब नाही, अक्षरे मोजली की झाले. म्हणून तो शिंपी, माळी, दासी, सर्वांना साधला.

भजनी ठेका मात्र आठ मात्रांचा. सहा अक्षरे त्यात बसवताना स्वर लांबतो. चार अक्षरांना तर अधिकच विसावा मिळतो. त्या विसाव्यात मागचा टाळकरी श्वास घेतो, अर्थ मनात उतरतो. हल्ली लय चढवण्याच्या भरात नेमका तोच चरण गिळला जातो. लय खुशाल वाढवा; पण त्या चार अक्षरांना त्यांचे माप द्या. रामकृष्णहरि!